घरातला डेटा घरातच: कौटुंबिक स्टोरेज सर्व्हरचे फायदे, खर्च आणि घ्यायची काळजी

एका साधारण घरात आज पाच-सहा स्मार्टफोन असतात. अब्बांच्या फोनमध्ये जमिनीच्या कागदांचे फोटो, अम्मीच्या फोनमध्ये नातवंडांचे व्हिडिओ, मुलाच्या लॅपटॉपवर मार्कशीट, मुलीच्या फोनमध्ये लग्नाचे फोटो आणि कुवेतला असलेल्या भावाच्या जीमेलमध्ये सगळ्यांच्या पासपोर्टच्या प्रती. गरज पडली की व्हॉट्सअॅपवर शोधाशोध सुरू होते. फोन पाण्यात पडला, हरवला किंवा पासवर्ड विसरला, की त्यातलं सगळं गेलं.

यावर एक उपाय म्हणजे घरातच स्वतःचा छोटा स्टोरेज सर्व्हर ठेवणं. इंग्रजीत त्याला नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज म्हणतात, थोडक्यात नॅस. पूर्वी ही ऑफिसात वापरायची वस्तू होती, आता अनेक घरांत दिसते. तिचे फायदे खरे आहेत, पण नुसतं यंत्र आणून काम होत नाही. दुसरी प्रत दुसऱ्या जागी असेल आणि किल्ली एकापेक्षा जास्त माणसांकडे असेल, तरच त्याचा उपयोग. या लेखात दोन्ही बाजू पाहू.

नॅस म्हणजे नेमकं काय?

चपलांच्या खोक्याएवढा किंवा त्याहून लहान डबा. आत एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क. डबा लॅन केबलने घरच्या वायफाय राउटरला जोडलेला. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. दिवसरात्र चालू राहतो आणि घरातले सगळे फोन, लॅपटॉप आणि टीव्ही वायफायवरून त्यात फाइल ठेवतात किंवा त्यातून काढतात.

पेनड्राइव्ह किंवा पोर्टेबल डिस्क एका वेळी एकाच मशीनला लागते. नॅस सगळ्यांना एकाच वेळी मिळतो आणि प्रत्येकाला स्वतःचं खातं, स्वतःचा पासवर्ड असतो. कोणाला कोणता फोल्डर दिसावा, हे घरच ठरवतं. गुगल ड्राइव्हसारखीच सोय, फक्त डिस्क आपल्या घरात.

गरज कशामुळे वाढली?

पहिलं कारण, फुकटची जागा संपली. गुगल फोटोजने अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मिळतात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपही २०२४ पासून याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. त्यापुढे दरमहा किंवा दरवर्षी भाडं. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं गुगल खातं बंद करून त्यातला डेटा काढून टाकण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे. घरातलं कोणी अल्लाहला प्यारं झालं आणि त्यांच्या फोनचा पासवर्ड कोणालाच माहीत नसेल, तर ही दोन वर्षं कधी सरतात ते कळतही नाही.

दुसरं कारण, पाणी. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडवलं. अशा पुरात भांडीकुंडी पुन्हा घेता येतात, पण पेटीतले निकाहनामे, जुने खरेदीखत आणि आजोबांचे फोटो पुन्हा मिळत नाहीत.

तिसरं कारण, कागदांची वाढलेली गरज. शिष्यवृत्ती, पासपोर्ट, जातपडताळणी, वारसनोंद, प्रत्येक ठिकाणी जुना दाखला मागतात. वक्फ मालमत्तांसाठी उम्मीद पोर्टल ६ जून २०२५ ला सुरू झालं आणि मशिदी, दर्गे, कब्रस्तानांच्या मुतवल्लींना जुन्या सनदा, नोंदी आणि नकाशे स्कॅन करून भरण्याचं काम आलं. ज्यांच्याकडे कागद एका जागी, नीट नाव देऊन ठेवलेले असतात त्यांचं असलं काम दिवसांत होतं, बाकीच्यांना महिने लागतात.

व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्यासाठी नवी नाही. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराहची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. लिहिलेलं जपून ठेवणं हा त्याच शिस्तीचा पुढचा भाग.

फायदे

१. फोनमधले फोटो आपोआप घरी जमा होतात. नॅससोबत फोनचं अॅप येतं. फोन घरच्या वायफायला जोडला गेला की नवे फोटो आणि व्हिडिओ गुपचूप सर्व्हरवर जातात. अम्मीला काहीच करावं लागत नाही. फोटो मूळ आकारात राहतात. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोसारखे दबून बारीक झालेले नसतात.

२. कागद एकाच जागी सापडतात. सात-बारा, फेरफार, सूची क्रमांक २, हिबानामा, निकाहनामा, जन्म-मृत्यू दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, विमा, दवाखान्याचे रिपोर्ट. रात्री अकराला एजंटने कागद मागितला तर घरातला कोणीही दोन मिनिटांत काढून देतो.

३. खासगीपणा आणि पर्दा. आपल्या घरांत हा मुद्दा महत्त्वाचा आहे. निकाह, मंगनी, हल्दीचे बायकांचे फोटो फोटोग्राफर लिंक करून पाठवतो आणि ती लिंक कुठे-कुठे फिरते ते कळत नाही. नॅसवर बायकांच्या फोटोंचा वेगळा फोल्डर करून तो फक्त घरातल्या बायकांच्या खात्यांना उघडा ठेवता येतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: सर्व्हरचा अॅडमिन सगळं पाहू शकतो. म्हणून तो फोल्डर एन्क्रिप्ट करून त्याची किल्ली घरातल्या एखाद्या बाजीकडे किंवा अम्मीकडे द्यावी, किंवा अॅडमिनचं काम घरातल्या मुलीनेच बघावं. आजकाल मुलींना हे काम उत्तम जमतं.

४. गाव, मुंबई आणि आखात एकत्र येतात. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत एक भाऊ गावाला, एक मुंब्र्याला आणि एक दुबई-कुवेतला असतो. परदेशात गेलेल्याला घरचे फोटो पाहता येतात, गरज पडली तर कागद मिळतो आणि त्याच्याकडचे करार, इकामा, व्हिसाच्या प्रतीही घरी जमा राहतात.

५. दरमहा भाडं नाही, आणि खातं बंद होण्याची भीती नाही. यंत्र एकदा घेतलं की जागेचं भाडं लागत नाही. कार्ड चाललं नाही किंवा कंपनीने नियम बदलले म्हणून फोटो अडकत नाहीत.

६. जुना आवाज आणि जुन्या कॅसेट जपता येतात. सत्तर-ऐंशीच्या दशकात आखातात गेलेल्यांच्या घरी चिठ्ठीऐवजी आवाज भरलेली कॅसेट यायची. काही घरांत त्या अजून पडून आहेत. दादीच्या तोंडची लग्नातली कोकणी गाणी, नानांची तिलावत, लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट, हे सगळं फाइल करून ठेवता येतं. तासाभराच्या कॅसेटला कॉपी करायला तासच लागतो, पण टेपला बुरशी लागण्याआधी हे काम झालं पाहिजे. समुद्राकाठच्या दमट हवेत टेप फार टिकत नाही.

७. मुलांसाठी घरचा साठा. कायदा आणि तजवीदचे धडे, अभ्यासाचे व्हिडिओ, घरच्यांनी निवडलेल्या फिल्म टीव्हीवर थेट लावता येतात. मध्ये जाहिराती नाहीत, आणि एक झालं की दुसरं आपोआप सुरू होऊन पोर कुठल्या कुठे पोचलं, असंही नाही. इंटरनेट बंद असलं तरी घरातल्या घरात चालतं.

किती जागा लागते?

साधा हिशेब करू. फोनचा एक फोटो साधारण ३ ते ४ एमबी. २०,००० फोटो म्हणजे ८० जीबीच्या आत. स्कॅन केलेले कागद तर नगण्य, हजार पानं एखाद्या जीबीत मावतात. जागा खातात ते व्हिडिओ. फोरके दर्जाचा व्हिडिओ मिनिटाला १५० ते ३५० एमबी घेतो. लग्नाचं पूर्ण शूटिंग शे-दोनशे जीबी सहज होतं.

पाच-सहा माणसांच्या घराला दोन डिस्कचा डबा आणि प्रत्येकी ४ टीबीच्या दोन डिस्क बरीच वर्षं पुरतात. दोन्ही डिस्कवर एकच डेटा लिहिला जातो, म्हणून वापरायला ८ नाही, ४ टीबीच मिळतात. यालाच रेड १ किंवा मिररिंग म्हणतात. एक डिस्क मेली तरी दुसरी चालू राहते. मेलेली काढून नवी लावायची, डबा आपोआप पुन्हा प्रत तयार करतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट: रेड म्हणजे बॅकअप नव्हे

इथे बहुतेक घरं फसतात. दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती आहेत, असं वाटतं. पण त्या दोन डिस्क एकाच डब्यात, एकाच घरात, एकाच वीजजोडणीवर आहेत. लहान मुलाने फोल्डर डिलीट केला तर तो त्याच क्षणी दोन्हीवरून जातो. वीज पडली, चोरी झाली, पाणी शिरलं, व्हायरसने फाइल लॉक केल्या, तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. रेड फक्त डिस्क बिघडण्यापासून वाचवतं, बाकी कशापासूनही नाही.

म्हणून जगभर ३-२-१ चा नियम सांगतात:

- महत्त्वाच्या फाइलच्या ३ प्रती,
- २ वेगवेगळ्या साधनांवर,
- त्यातली १ दुसऱ्या जागी.

आपल्या कुटुंबांना हे सोपं आहे, कारण बहुतेकांची घरं दोन असतात. मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये नॅस आणि खेडच्या घरात एक पोर्टेबल डिस्क. ईदला, मे महिन्यात गावी जाताना डिस्कवर ताजी कॉपी घ्यायची, गावची जुनी डिस्क परत आणायची. वर्षातून दोन-तीन फेऱ्या होतातच.

थोडं पुढे जायचं असेल तर दोन भावांनी दोन घरी एकेक नॅस ठेवावा आणि एकाचा बॅकअप दुसऱ्याकडे एन्क्रिप्ट करून जाऊ द्यावा. दुसऱ्याच्या घरी आपली अमानत राहते, पण त्याला ती उघडून पाहता येत नाही. पहिली कॉपी मात्र दोन्ही डबे एका घरात ठेवूनच करा. ५०० जीबी इंटरनेटवरून पाठवायला २० एमबीपीएसच्या अपलोडवर साधारण ५५ तास लागतात. घरात केबलने तेच काम दोन-एक तासांत होतं. नंतर रोज फक्त नवीन फाइल जातात.

नॅसमध्ये स्नॅपशॉट नावाची सोय असते. ती चालू ठेवली की कालची, परवाची, मागच्या आठवड्याची स्थिती साठून राहते आणि चुकून डिलीट झालेलं परत आणता येतं. आणि वर्षातून एकदा तरी बॅकअपमधून दहा-वीस फाइल उघडून पाहा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

कोणता घ्यावा?

तीन मार्ग आहेत.

*तयार डबा.* सिनॉलॉजी, क्यूनॅप, असुस्टोर अशा कंपन्यांचे दोन डिस्कचे डबे मिळतात. डिस्क बहुतेकदा वेगळ्या घ्याव्या लागतात. फोटोचं अॅप, बॅकअप, खाती सगळं आत तयार असतं. घरात संगणकाची फारशी माहिती असलेला माणूस नसेल तर हाच मार्ग बरा. घेण्याआधी त्या मॉडेलला कोणत्या डिस्क चालतात याची कंपनीने दिलेली यादी पाहावी.

*जुना कॉम्प्युटर.* घरात पडून असलेल्या डेस्कटॉपवर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस ही फुकट सॉफ्टवेअर टाकून नॅस होतो. फोटोंसाठी इमिच, फाइलसाठी नेक्स्टक्लाउड, टीव्हीसाठी जेलीफिन, हीही मुक्त सॉफ्टवेअर. पैसे वाचतात, पण वेळ द्यावा लागतो आणि जुना डेस्कटॉप वीज जास्त खातो. इंजिनियरिंगला असलेल्या मुलाला शिकायला मात्र यासारखं काम नाही.

*रास्पबेरी पाय आणि एक यूएसबी डिस्क.* वीज सर्वांत कमी. फक्त कागदपत्रं आणि थोडे फोटो असतील तर पुरतं.

डिस्क घेताना नॅससाठीच बनवलेली घ्या आणि ती सीएमआर प्रकारची आहे का ते विचारा. एसएमआर प्रकारच्या डिस्क रेडमध्ये फार मंद पडतात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं तेव्हा जगभर ओरड झाली. त्यानंतर कंपनीने रेड प्लस हे वेगळं नाव आणलं. दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून न घेतलेल्या बऱ्या. एकाच खेपेतला दोष असेल तर दोन्ही एकदम जाऊ शकतात. ऑनलाइन हजार-दीड हजारात १६ टीबीची डिस्क दिसली तर ती नकली समजा. आकडा खोटा असतो आणि थोड्याच फाइलनंतर ती आधीच्याच फाइलवर लिहीत सुटते. बिल आणि वॉरंटी घेतल्याशिवाय डिस्क घेऊ नका.

वीज किती लागते?

दोन डिस्कचा डबा साधारण २० वॅट घेतो. दिवसरात्र चालला तर दिवसाला ०.४८ युनिट, महिन्याला सुमारे साडेचौदा युनिट. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला दीडशे रुपयांच्या आत. जुना डेस्कटॉप ६० वॅट घेत असेल तर तिप्पट. रात्री ठरावीक वेळेला बंद होण्याचं टायमर बहुतेक डब्यांत असतं.

कुठे आणि कसा बसवावा?

- *उंचावर.* पूर येणाऱ्या भागात तळमजल्याला, जिन्याखाली ठेवू नका. माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर, पण पत्र्याच्या तापाखाली नाही.
- *हवेशीर.* बंद कपाटात डिस्क तापतात. धूळ दर दोन-तीन महिन्यांनी पुसा. मुंग्या आणि उंदीर केबलकडे येतात, तेही बघा.
- *यूपीएस लावा.* कोकणात पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा जाते. लिहिता-लिहिता वीज गेली की फाइल खराब होतात. छोटा यूपीएस यूएसबीने नॅसला जोडला की वीज गेल्यावर नॅस स्वतः नीट बंद होतो.
- *विजा कडाडत असताना* प्लग आणि इंटरनेटची तार, दोन्ही काढा. तांब्याच्या तारेतून आलेला झटका राउटरमार्गे नॅसपर्यंत पोचतो.
- *लॅन केबलनेच जोडा.* गिगाबिट राउटर असेल तर सेकंदाला शंभर एमबीपर्यंत वेग मिळतो. नॅस वायफायवर चालवू नका.
- *डिस्कची तब्येत.* स्मार्ट तपासणी महिन्याला आपोआप चालू ठेवा आणि बिघाडाचा इशारा ईमेलवर येईल असं करा. इशारा आला की डिस्क बदला, मरण्याची वाट पाहू नका.

बाहेरून वापरताना सावध

घराबाहेरून वापरता यावा म्हणून अनेकजण राउटरवर पोर्ट उघडतात आणि नॅस थेट इंटरनेटवर ठेवतात. हे करू नका. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या हल्ल्यात अनेकांच्या क्यूनॅप डब्यांतल्या फाइलना पासवर्ड लावून खंडणी मागितली गेली. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्टने तेच केलं. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलचे जुने माय बुक लाइव्ह डबे जगभर दुरून पुसले गेले. त्यांना २०१५ नंतर सुधारणा मिळाल्याच नव्हत्या. सगळ्या घटनांतून एकच शिकायचं: इंटरनेटवर उघडा ठेवलेला आणि अपडेट न केलेला डबा सर्वांत आधी सापडतो.

बरा मार्ग म्हणजे व्हीपीएन. टेलस्केल किंवा वायरगार्डने फक्त घरच्या फोनना आतला रस्ता मिळतो, बाकी जगाला तो दिसत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर आणि मोबाइल जोडण्यांवर स्वतंत्र आयपी पत्ता मिळत नाही, तरी टेलस्केल चालतं. आखातात राहणाऱ्यांनी मात्र तिथले व्हीपीएनचे कायदे आधी समजून घ्यावेत. काही देशांत त्याबाबत कडक शिक्षा आहेत. शंका असेल तर लागणारा फोल्डर घरातून पाठवलेला बरा.

याशिवाय चार साध्या सवयी: "अॅडमिन" नावाचं मूळ खातं बंद करा, प्रत्येकाला वेगळं खातं द्या, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, अपडेट वेळेवर घ्या.

फोल्डर आणि नावं कशी ठेवावीत?

यंत्र कितीही भारी असलं तरी फाइलचं नाव "आयएमजी ४५८२" असेल तर कागद सापडत नाही. सोपी पद्धत: वर्ष, माणूस, काय. उदाहरणार्थ "१९८४ दादा खरेदीखत". मुख्य फोल्डर सहा-सात पुरेत: जमीन-घर, निकाह-जन्म-मयत, शिक्षण, आरोग्य, पैसा, फोटो, आवाज. पैशाच्या फोल्डरमध्ये जकातीचा वर्षवार हिशेब, दिलेलं-घेतलेलं कर्ज आणि मेहरची नोंद ठेवा. वारशाच्या वेळी वाटणीआधी कर्ज फेडायचं असतं, आणि बाकी असलेली मेहर हेही कर्जच. नोंद असेल तर वाद होत नाहीत.

कागद ३०० डीपीआयवर पीडीएफ करा, जुने फोटो ६०० डीपीआयवर. मोडी किंवा फारसी-उर्दूतल्या सनदा दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. शिक्के आणि शेरे बऱ्याचदा मागे असतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसोबत बसून फोटोतल्या माणसांची नावं लिहून घ्या. दादीला माहीत असलेली नावं कोणत्याच सॉफ्टवेअरला सांगता येणार नाहीत. शिजरा असेल तर तोही स्कॅन करून याच फोल्डरमध्ये ठेवा.

एक इशारा: स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे. कचेरीत मूळ किंवा प्रमाणित प्रत लागते. डिजिलॉकरमध्ये सरकारी विभागाने स्वतः दिलेला दाखला मूळ कागदाइतका ग्राह्य आहे, आपण अपलोड केलेली स्कॅन प्रत तशी नाही. सात-बारा डिजिटल सहीसह महाभूमीवर मिळतो, अनेक तालुक्यांचे जुने अभिलेख "आपले अभिलेख" पोर्टलवर आहेत. मूळ कागद हरवला तरी स्कॅनवरून नोंदणी क्रमांक, तारीख आणि कचेरी कळते. दुसरी नकल काढायला तेवढंच लागतं.

किल्ली कोणाकडे?

घरातला एकच मुलगा हे सगळं सांभाळतो. तो नोकरीला जेद्दाहला गेला किंवा त्याला काही झालं, तर डबा चालू असतो आणि उघडता कोणालाच येत नाही. एन्क्रिप्शन असेल तर तो डेटा दुकानदारालाही काढता येत नाही. जपायला ठेवलेली वस्तू मग कायमची कुलुपात जाते.

म्हणून एक पान हाताने लिहा: डबा कुठे आहे, बॅकअपची डिस्क कोणाकडे आहे, अॅडमिनचं नाव आणि पासवर्ड, एन्क्रिप्शनची किल्ली, डबा बंद-चालू कसा करायचा. बंद पाकिटात घालून एक प्रत वसीयतीच्या कागदासोबत, एक दुसऱ्या घरी. घरातल्या आणखी एका माणसाला, शक्यतो बहिणीला किंवा सुनेला, सगळं एकदा हाताने करून दाखवा. पासवर्ड बदलला की पानही बदला.

डिस्क जुनी होऊन काढली तर भंगारवाल्याला तशीच देऊ नका. आतला डेटा पूर्ण पुसा किंवा डिस्क फोडून टाका. त्यात अख्ख्या घराचे आधार, पॅन आणि फोटो असतात.

कोणाला गरज नाही?

सगळा डेटा मिळून दोन-तीनशे जीबी असेल आणि घरात दोनच माणसं असतील तर नॅसचा खर्च करू नका. दोन पोर्टेबल डिस्क घ्या, महिन्यातून एकदा दोन्हींवर कॉपी करा, एक घरी आणि एक बहिणीच्या घरी ठेवा. तेवढ्यात ३-२-१ चं बरंच काम होतं. माणसं जास्त, फोन जास्त आणि घरं दोन-तीन ठिकाणी असतील तिथे नॅस कामाला येतो.

सुरुवात कशी करावी?

१. या आठवड्यात घरातले सगळे मूळ कागद एका जागी आणा आणि स्कॅन करा. हे नॅसशिवायही होतं.
२. सगळ्या फोनमधले फोटो एका डिस्कवर उतरवा, एकूण जागा मोजा.
३. त्यानुसार नॅस घ्यायचा की दोन डिस्कवर भागवायचं ते घरात बसून ठरवा. खर्च भावंडांत वाटला तर जड जात नाही.
४. नॅस घेतला तर त्याच दिवशी बॅकअपची डिस्कही घ्या. नंतर घेऊ म्हटलेली डिस्क घेतली जात नाही.
५. किल्लीचं पान लिहा.

मागच्या पिढीने कागद पत्र्याच्या पेटीत, कापडात गुंडाळून, डांबरगोळी टाकून सांभाळले. त्यांच्यामुळेच आज जमीन आपल्या नावावर आहे आणि पणजोबांचं नाव आपल्याला ठाऊक आहे. ही अमानत आता आपल्या हातात आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत निदान पहिली दोन कामं उरकून घ्या.